सर्व्हिस सेंटरला गाडी देण्याआधी आणि परत घेताना: राहून जाणारी कामं कशी पकडायची

सर्व्हिस सेंटरमधून गाडी धुऊन-पुसून परत येते, बिलावर आठ-दहा हजारांचा आकडा असतो आणि मालक समजतो की करायचं ते सगळं झालं. काही महिन्यांनी घाट उतरताना ब्रेकचा पाय खोल जातो किंवा एसीतून वारा येईनासा होतो. मग कळतं की ब्रेक ऑइल गाडी घेतल्यापासून बदललेलंच नाही आणि केबिन फिल्टरवर पालापाचोळ्याचा थर बसलाय. राग येतो, आणि तो रास्त आहे. पण काउंटरवर भांडून हाती काही लागत नाही, कारण जे काम जॉब कार्डवर (गाडी घेताना करायची कामं लिहितात त्या कागदावर) लिहिलेलंच नव्हतं त्याबद्दल जाब कशाच्या आधारावर विचारणार?

बहुतेकांची चूक एकाच जागी होते. आपण ‘सर्व्हिस करा’ म्हणतो. नेमकी कोणती कामं करायची, हे ठरवणं समोरच्यावर सोडतो. समोरचा ॲडव्हायझर, म्हणजे काउंटरवर गाडी ताब्यात घेणारा माणूस, दिवसभरात अनेक गाड्या घेतो, किलोमीटर बघून ठरलेलं पॅकेज टाकतो, वर दोन-तीन चकचकीत कामं सुचवतो. त्यात तुमच्या गाडीला या वर्षी खरंच काय लागतं, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तो आपणच विचारायचा. पुढचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम उलटला की निम्मा उपयोग जातो.

टप्पा 1: मॅन्युअलमधला देखभालीचा तक्ता वाचा

ग्लव्हबॉक्समध्ये ओनर्स मॅन्युअल असतं. नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलचं, तुमच्या इंजिनाचं आणि तुमच्या वर्षाचं उतरवून घ्या. त्यात शेवटाकडे किंवा वेगळ्या सर्व्हिस पुस्तिकेत देखभालीचा तक्ता असतो. तो वाचताना तीन गोष्टी नीट पाहा.

पहिली म्हणजे ‘आय’ आणि ‘आर’ ही अक्षरं. बहुतेक तक्त्यांत ‘आय’ म्हणजे तपासणे आणि ‘आर’ म्हणजे बदलणे. सर्व्हिस सेंटरमध्ये सगळ्यात जास्त घोळ याच दोन अक्षरांत होतो. ‘चेक केलंय सर, ठीक आहे, पुढच्या वेळी बघू’ हे उत्तर ‘आय’च्या चौकटीसाठी चालतं, ‘आर’च्या चौकटीसाठी नाही.

दुसरी म्हणजे किलोमीटर आणि महिने यांच्यात ‘जे आधी होईल ते’ ही अट. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना 10,000 किमी किंवा 12 महिने अशी मुदत असते. गाडी कमी चालली म्हणून महिने थांबत नाहीत. समजा एखादी गाडी जून 2020 मध्ये घेतली आणि पाच वर्षांत ती जेमतेम 28,000 किमी चालली. किलोमीटरवर बोट ठेवणारा ॲडव्हायझर तिला 30,000 ची सर्व्हिस लावणार. त्या पॅकेजात ब्रेक ऑइल नसेल, कारण ते 40,000 च्या रकान्यात आहे. पण त्याच रकान्यात ‘किंवा 24 महिने’ असं लिहिलेलं असेल, तर ते काम आतापर्यंत दोनदा व्हायला हवं होतं. निवृत्त माणसांच्या, घरून काम करणाऱ्यांच्या, दुसरी गाडी म्हणून उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं. ‘आमची गाडी फारशी चालतच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी तर हा तक्ता आधी उघडावा.

तिसरी म्हणजे खडतर वापराचा वेगळा तक्ता. धुळीचे रस्ते, रोजचं चार-पाच किलोमीटरचं तुटक चालणं, सतत थांबत-थांबत जाणारी रहदारी, डोंगराळ भाग या सगळ्याला बऱ्याच कंपन्या खडतर वापर म्हणतात. पुण्यात हिंजवडीला रोज जाणारी किंवा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर अडकणारी गाडी त्यात बसते. अशा वापरात ऑइल आणि एअर फिल्टरची मुदत कमी होते. किती कमी, ते तक्ता सांगतो. अंदाजाने ठरवू नका.

> सावधान: मोबाइल ॲपवर किंवा काउंटरवरच्या फलकावर दिसणारं पॅकेज म्हणजे मॅन्युअलचा तक्ता नव्हे. दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघा.

टप्पा 2: जुनी बिलं काढा आणि स्वतःची यादी करा

एका कागदावर तीन रकाने आखा: वस्तू, शेवटची कधी बदलली (तारीख आणि किमी), आता बाकी आहे का. मग जुनी बिलं एकेक करून वाचा. ‘पेड सर्व्हिस 30,000’ असली लेबरची ओळ काहीच सिद्ध करत नाही. पार्टच्या यादीत त्या वस्तूचं नाव, नग किंवा लिटर आणि किंमत असेल तरच ती बदलली असं धरा. बिल सापडत नसेल तर ती बदललेली नाही असं समजून चाला.

हरवलेली बिलं सर्व्हिस सेंटरकडून परत मिळतात. गाडीचा नंबर सांगून ‘सर्व्हिस हिस्टरी’ मागा. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे पहिल्याच आठवड्यात करा.

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त राहून जातं ते ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट 4 प्रतीच्या नव्या ऑइलसाठी मानकानुसार किमान 230 अंश सेल्सिअस हवेत. त्यातच सुमारे 3.7 टक्के पाणी शिरलं की अपेक्षा 155 अंशांवर येते. आंबोली किंवा कुंभार्ली घाटात उतारभर ब्रेक दाबत आलात की चाकाजवळचं ऑइल तापतं, उकळून वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पाय पोकळ जातो. सपाट रस्त्यावर रोज चालवताना याची चाहूलही लागत नाही. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्यांनी मुदत अजिबात टाळू नये. अनेक कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात. तुमच्या तक्त्यात असेल ती पाळा. बाटलीत वरून थोडं ऑइल भरणं म्हणजे बदलणं नव्हे. जुनं ऑइल चारही चाकांकडून काढून नवं भरावं लागतं.

बाकीच्या वस्तू थोडक्यात:

- केबिन फिल्टर: बऱ्याच गाड्यांत ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो आणि हाताने निघतो. एसीचा वारा कमी झाला की गॅस भरायचा सल्ला मिळतो. आधी हा फिल्टर काढून बघा.
- कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव): मुदत लांबची असते, म्हणूनच विसरली जाते. फक्त रंग बघून दुसरं कूलंट त्यात मिसळू नका. नळाचं पाणी ओतू नका.
- स्पार्क प्लग: साध्या आणि इरिडियम प्लगांच्या मुदतीत मोठा फरक असतो. तुमच्या गाडीत कोणते आहेत ते आधी बघा.
- डिझेल फिल्टर: डिझेल गाडीत यात पाणी साठतं. ते काढणं आणि फिल्टर बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत.
- टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा): ज्या इंजिनात चेनऐवजी बेल्ट आहे, तिथे किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा असते. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. यादीत हे काम सगळ्यात वर लिहा.
- टायर रोटेशन (चाकांच्या जागांची अदलाबदल) आणि ब्रेक कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) साफसफाई व ग्रीसिंग: यात पार्ट लागत नाही, त्यामुळे बिलात दिसत नाही आणि सहज टाळलं जातं.
- सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची चाचणी): दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे. ती मान्यताप्राप्त केंद्रातच होते, नेहमीच्या सर्व्हिसमध्ये धरलेली नसते. गाडीवरच्या प्लेटवर तारीख असते. मुदत टळली तर पंपावर गॅस नाकारतात.

> तपासणी: यादीत ‘या वेळी बदलायचं’, ‘या वेळी फक्त बघायचं’ आणि ‘या वेळी नको’ असे तीन स्पष्ट गट झाले का? नसतील तर अजून गाडी देऊ नका.

टप्पा 3: आदल्या संध्याकाळी खुणा आणि फोटो

एक पक्क्या शाईचा मार्कर घ्या. एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर बाहेर काढून कडेला छोटा ठिपका आणि तारीख टाका. टायरवर आतल्या बाजूला खडूने जागा लिहा: पुढचं डावं, मागचं उजवं, याप्रमाणे. ब्रेक ऑइलच्या बाटलीचा आणि कूलंटच्या टाकीचा उजेडात फोटो घ्या, म्हणजे रंग नंतर ताडता येईल. ऑइल फिल्टर खालून दिसत असेल तर त्याचाही.

मग गाडीचा चारही बाजूंनी, डॅशबोर्डवरच्या किलोमीटर आणि इंधनाच्या काट्यासह फोटो काढा. डिक्कीतली स्टेपनी, जॅक आणि पाना पाहून घ्या. मौल्यवान वस्तू, पाकीट, मूळ कागदपत्रं काढून ठेवा.

गाडीचा कुठला आवाज येतो, कधी येतो, किती वेगाला, थंड असताना की गरम झाल्यावर, हे लिहून ठेवा. ‘पुढून आवाज येतो’ एवढ्यावर मेकॅनिक काही करू शकत नाही. ‘सकाळी पहिल्या स्पीडब्रेकरवर, डावीकडून, फक्त चाक वळलेलं असताना’ यावर करू शकतो.

टप्पा 4: जॉब कार्डवर लिहून घ्या

शक्यतो शनिवार टाळा आणि सकाळी पहिल्या तासात पोहोचा. पिकअप-ड्रॉपची सोय चांगली आहे, पण तुमची यादी ड्रायव्हरच्या तोंडून ॲडव्हायझरपर्यंत पोहोचत नाही. ती सोय घ्यायचीच असेल तर यादी आधी व्हॉट्सॲपवर पाठवा आणि जॉब कार्डाची प्रत आल्याशिवाय कामाला होकार देऊ नका.

काउंटरवर बोलताना सौम्य पण नेमकं बोला. हे शब्द उपयोगी पडतात: ‘दादा, ब्रेक ऑइल मॅन्युअलप्रमाणे दोन वर्षांनी बदलायचंय, मागच्या बिलात नाहीये. बदलायचं म्हणून लिहा, चेक करायचं म्हणून नको.’ प्रत्येक ‘आर’ कामाची स्वतंत्र ओळ झाली पाहिजे. त्याखाली या तीन ओळी लिहून घ्या:

1. बदललेले जुने पार्ट मालकाला दाखवून परत द्यावेत. (वॉरंटीत बदललेले पार्ट कंपनीकडे जातात, तेवढे सोडून.)
2. अंदाजापेक्षा जादा कोणतंही काम मालकाच्या लेखी होकाराशिवाय करू नये.
3. इंजिन ऑइलची प्रत आणि लिटर. मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनाची प्रत आणि फिल्टरसह लागणारं माप असतं. छोट्या पेट्रोल इंजिनाला साधारण 3 ते 4 लिटर लागतं.

आवाजाची तक्रार असेल तर ॲडव्हायझरला शेजारी बसवून एक चक्कर मारा. तो आवाज त्यानेही ऐकला पाहिजे.

आता सुचवल्या जाणाऱ्या जादा कामांबद्दल. इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग, डिकार्ब, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग, इंटिरिअर एनरिचमेंट, इंधनात टाकायची बाटली. विचारायचं एवढंच: ‘हे मॅन्युअलच्या तक्त्यात कुठे आहे?’ नसेल आणि गाडीला त्यासंबंधी काही त्रास नसेल, तर ‘या वेळी नको’ म्हणा आणि जॉब कार्डवर ती ओळ खोडलेली पाहा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना गंजरोधक कोटिंगचा उपयोग होऊ शकतो. तिथे विचार करा. मला खरं खटकतं ते हे, की या कामांवर दोन-तीन हजार खर्च होतात आणि त्याच बिलात काही शेकड्यांचं ब्रेक ऑइल राहून जातं.

नव्या गाडीच्या ‘फ्री सर्व्हिस’मध्ये मोफत असतं ते लेबर. ऑइल, फिल्टर आणि इतर साहित्याचे पैसे लागतात, हे आधीच माहीत असलं की वाद होत नाही.

> सावधान: कोऱ्या किंवा अर्धवट जॉब कार्डवर सही करू नका. सही झाल्यावर लगेच त्याचा फोटो घ्या.

टप्पा 5: दुपारचा फोन

दुपारी फोन येतो: ‘सर, ब्रेक पॅड संपलेत, बदलून टाकू का?’ घाईत ‘हो’ म्हणू नका आणि संशयाने ‘नाही’ही म्हणू नका. चार गोष्टी मागा: फोटो, मिलिमीटरमध्ये माप, टॅक्ससह किंमत आणि किती किलोमीटर थांबता येईल. लेबरवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच आकडा सांगायला लावा. पॅडची जाडी 3 मिमीच्या आसपास असेल तर बदलणं योग्य. 6-7 मिमी असेल तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबता येतं, फक्त मध्ये एकदा बघून घ्या. टायरच्या खाचांच्या खोलीची कायदेशीर किमान मर्यादा 1.6 मिमी आहे, पण पावसाळ्याच्या तोंडावर तितकं थांबू नये.

होकार द्यायचा तर व्हॉट्सॲपवर लिहून द्या, रकमेसह.

टप्पा 6: पैसे भरण्याआधीची वीस मिनिटं

इथेच लोक घाई करतात. संध्याकाळी सहाला पोहोचतात, काउंटरवर पैसे भरतात, गेटपास घेतात आणि मग गाडी बघतात. उलट करा. उजेड असताना पोहोचा आणि ‘आधी गाडी बघतो, मग बिल’ असं सांगा. क्रम असा ठेवा:

1. जुने पार्ट बघा. फिल्टरवर तुमचा ठिपका आहे का? ठिपक्याचा फिल्टर पिशवीत असेल तर तो बदलला गेला. ठिपक्याचाच फिल्टर गाडीत असेल आणि बिलात नव्याचे पैसे असतील, तर तिथेच ॲडव्हायझरला बॉनेटजवळ बोलवा.
2. डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. पुसून पुन्हा बुडवा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त भरलेलंही वाईट, क्रँकशाफ्टने ते फेसाळतं. पेट्रोल गाडीत नवं ऑइल मधासारखं दिसतं. डिझेलमध्ये ते थोड्याच चालण्यात काळं होतं, त्यावरून भांडू नका.
3. ब्रेक ऑइल आणि कूलंट कालच्या फोटोशी ताडा. कूलंटचं झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नका, टाकीवरच्या खुणा बाहेरूनच दिसतात.
4. टायरवरचा खडू बघा. जागा बदलली का? हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे आहे का? अनेकदा चारही चाकांत सारखी आणि जास्त भरलेली सापडते. स्टेपनीतलीही बघा.
5. खाली वाकून बघा. ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टजवळ ओल आहे का?
6. किलोमीटर आणि इंधन कालच्या फोटोशी ताडा.
7. छोटी चक्कर मारा. ब्रेक, एसी, तक्रारीचा आवाज. स्टिअरिंग सरळ रस्त्यावर सरळ राहतं का?

डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा दिवा विझला म्हणजे काम झालं असं नाही. तो नुसता मोजणीचा काटा आहे, बटणाने शून्यावर येतो.

मग बिल. जॉब कार्ड डाव्या हातात, बिल उजव्या. प्रत्येक ‘आर’ ओळीसमोर पार्ट आणि नग आहे का? ऑइलचे लिटर मॅन्युअलशी जुळतात का? खोडलेलं काम परत शिरलंय का? ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची मोघम ओळ असेल तर त्यात काय काय, ते विचारा. एखादं काम राहिलं असेल तर बिलावरच ‘ब्रेक ऑइल बदलणे बाकी’ असं लिहून तारीख आणि सही घ्या. ‘उद्या या, करून देतो’ हे तोंडी आश्वासन दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच ॲडव्हायझरसमोर टिकत नाही.

टप्पा 7: पहिले काही दिवस

चाकं काढली असतील तर 50 ते 100 किमी चालल्यावर नट एकदा तपासून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून डाग पडतो का बघा. आठवड्याने डिपस्टिक पुन्हा बघा. त्याच दिवशी टप्पा 2 च्या कागदावर नव्या तारखा भरा आणि बिलाचा फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. वॉरंटीचा दावा करताना आणि गाडी विकताना हीच नोंद कामाला येते.

वॉरंटी आणि वाढीव वॉरंटी चालू असेपर्यंत मुदतीत आणि अधिकृत केंद्रातच सर्व्हिस करा. मुदत चुकली की दावा नाकारायला निमित्त मिळतं. त्यानंतर भरवशाचा बाहेरचा गॅरेजवाला असेल तर खुशाल जा. यादी मात्र तीच न्या. त्याच्याकडेही पक्कं बिल मागा.

टप्पा 8: काम न करता पैसे घेतले असतील तर

आधी वर्क्स मॅनेजरला भेटा. जॉब कार्ड, बिल आणि ठिपक्याच्या फिल्टरचा फोटो समोर ठेवा आणि नेमकी मागणी करा: हे काम विनामूल्य करून द्या, किंवा एवढी रक्कम परत करा. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण पुरावा कागदावर असतो. नाही मिटलं तर कार कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, त्यात जॉब कार्डाचा नंबर, तारीख आणि मागणी एवढंच लिहा. जुन्या रागाचा इतिहास त्यात नको, त्याने मूळ मुद्दा बुडतो.

तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवा. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावण्याची सक्ती नाही, सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि मुदत 2 वर्षांची आहे. तोवर बदललेले जुने पार्ट आणि फोटो जपून ठेवा. राहिलेलं ब्रेकचं काम मात्र तक्रारीच्या निकालासाठी अडवून ठेवू नका. गाडीची आहे ती स्थिती फोटोत आणि दुसऱ्या गॅरेजच्या लेखी नोंदीत पकडा, काम करून घ्या आणि त्याचं बिल तक्रारीला जोडा.